सुट्या भागांच्या मागे मागे

सध्या मी रबर वाचतेय. त्याआधी बराच काळ शिसं वाचत होते आणि त्याच्याही आधी सीटबेल्ट. ‘काय वाचतेस सध्या?’ असं कुणी विचारलं की माझ्या तोंडून पुस्तकाचं नाव येत नाही. गाडीचा एखादा भाग येतो, नाहीतर तो ज्याचा बनलाय तो पदार्थ. माझं वाचन चालतंच तसं. बॉनेटखाली किंवा गाडीच्या पोटाखाली काहीतरी दिसतं, ते असंच का आहे हा प्रश्न डोक्यात घर करतो आणि त्याच्या मागे जाता जाता मी अशा कपाटापाशी पोचते, जिथे गाड्यांची पुस्तकं नसतातच. तिथे भूगर्भशास्त्र असतं, वनस्पतिशास्त्र असतं, कामगारांचा इतिहास असतो.

कथा-कादंबऱ्या मी फारशा वाचत नाही. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण समोरच्या पानावरची गोष्ट खरोखर घडलीय, ते यंत्र त्या दिवशी खरोखर कुणीतरी हाताने फिरवलं होतं, हे ठाऊक असलं की माझं लक्ष पानावरून हलत नाही. तिथे मी वाद घालू शकते, दुसऱ्या पुस्तकात पडताळून पाहू शकते, आणि कधीकधी थेट गॅरेजमध्ये जाऊन हात लावून बघू शकते.

सुरुवात वर्कशॉप मॅन्युअलने झाली. माझी गाडी जुनी आहे, कार्ब्युरेटरवाली, हाताने चोक ओढायची. तिची बरीच कामं मी स्वतः करते, म्हणून मॅन्युअल घेतलं होतं. त्यात सिलिंडर हेडचे बोल्ट कुठल्या क्रमाने आवळायचे याचं एक साधं चित्र आहे. पहिला बोल्ट मधला, मग त्याच्या आजूबाजूचे, आणि असं करत कडेकडेला. तेही एका दमात नाही. आधी थोडा टॉर्क, म्हणजे पान्याने दिलेला पीळ, मग आणखी थोडा, मग शेवटचा आकडा. का, ते मॅन्युअल सांगत नाही. त्याचं ते कामही नाही. पण मला त्या ‘का’ने सोडलं नाही. शोधत गेल्यावर कळलं की मधून बाहेर जात आवळलं म्हणजे हेडखालच्या गॅस्केटवर, त्या सांधा बंद करणाऱ्या पातळ पत्र्यावर, दाब सारखा बसतो आणि हेड वाकत नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी कळली की बोल्ट आवळताना तो किंचित ताणला जातो आणि पकड असते ती त्या ताणाची. म्हणजे प्रत्येक बोल्ट ही एक स्प्रिंग असते. पाना हातात धरून इतकी वर्षं काढल्यावर हे वाचलं तेव्हा मी उठून उभीच राहिले. तेव्हापासून आकड्यांचे तक्ते मी भराभर उलटत नाही. कुठल्याही तक्त्यातला आकडा म्हणजे कुणीतरी घेतलेला निर्णय असतो, आणि तो निर्णय कसा झाला हे सांगणारं पुस्तक कुठेतरी असतं.

माझ्या मेकॅनिकदादांना हे वाचन लागत नाही. त्यांना इंजिन ऐकूनच कळतं. चढावर गाडी ताणली की आतून खडखड टकटक येते, ती ऐकून ते म्हणाले होते, ‘ताई, पिस्टनला काही झालेलं नाही. टायमिंग पुढे आहे, नॉक करतंय.’ प्लगची ठिणगी केव्हा पडावी ते ठरवणारा डिस्ट्रिब्युटर त्यांनी किंचित फिरवला आणि आवाज गेला. आवाज का गेला, हे समजून घ्यायला मात्र मला बरंच वाचावं लागलं, आणि त्या वाचनाने मी गाडीपासून जितकी लांब गेले तितकी दुसऱ्या कशानेही गेले नव्हते.

नॉक म्हणजे काय तर प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्वाला सिलिंडरभर पसरत असते, पण ती पोचायच्या आधीच कोपऱ्यात दाबलं गेलेलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकतं. दाब एकदम उसळतो आणि धातू थरथरतो. 1910-20 च्या काळात इंजिनाची ताकद वाढवायच्या वाटेत हीच धोंड होती. कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबण्याचं प्रमाण, वाढवलं की नॉक. त्यावर जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली थॉमस मिजली काम करत होते. किती तरी पदार्थ तपासून झाल्यावर 1921 च्या डिसेंबरमध्ये त्यांना टेट्राएथिल लेड सापडलं. पेट्रोलमध्ये अगदी थोडंसं मिसळलं की खडखड बंद. 1923 पासून ते विकायला आलं ‘एथिल’ या नावाने. नावात शिशाचा उल्लेखही नव्हता.

इथे पुस्तक बाजूला ठेवून मी बराच वेळ बसले होते. कारण शिसं विषारी आहे हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. मिजली स्वतः 1923 च्या सुरुवातीला शिशाच्या विषबाधेने आजारी पडले होते. अल्कोहोल मिसळूनही नॉक थांबतो हे त्यांच्याच प्रयोगशाळेने पाहिलेलं होतं. 1924 च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवताना पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. त्यानंतर मिजलींनी पत्रकारांसमोर ते हातावर ओतून घेतलं, त्याची वाफ हुंगून दाखवली आणि धोका नाही असं सांगितलं. काही काळ विक्री थांबली, समिती नेमली गेली, बंदी घालण्याइतका पुरावा नाही असं ठरलं आणि विक्री पुन्हा सुरू झाली. पुढची अनेक दशकं जगातल्या बहुतेक गाड्यांच्या सायलेन्सरमधून शिसं बाहेर पडत राहिलं.

आणि ते लक्षात आणून दिलं कुणी? पृथ्वीचं वय मोजायला बसलेल्या माणसाने. क्लेअर पॅटरसन उल्केच्या तुकड्यातल्या शिशाच्या समस्थानिकांवरून, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून, पृथ्वीचं वय काढत होते. त्यांची मोजमापं सारखी बिघडायची, कारण हवेत, टेबलावर, भांड्यांवर, माणसाच्या केसांत, जिकडेतिकडे नको असलेलं शिसं होतं. त्यांनी प्रयोगशाळा घासूनपुसून इतकी स्वच्छ केली की ती अतिस्वच्छ प्रयोगशाळांच्या सुरुवातीच्या नमुन्यांपैकी एक मानली जाते. 1956 मध्ये त्यांनी 4.55 अब्ज वर्षं हे वय जाहीर केलं आणि आजही तो आकडा जवळपास तसाच उभा आहे. पण त्यांना दुसरा प्रश्न सोडेना: हे एवढं शिसं आलं कुठून? समुद्राच्या वरच्या पाण्यात खोल पाण्यापेक्षा जास्त शिसं, ग्रीनलंडच्या बर्फाच्या जुन्या थरांत कमी आणि नव्या थरांत कितीतरी जास्त. उत्तर पेट्रोलच्या टाकीकडे बोट दाखवत होतं. उद्योगाने त्यांना दूर ठेवायचे प्रयत्न केले, तरी ते मागे हटले नाहीत. अमेरिकेत 1970 च्या दशकात शिसं कमी करायला सुरुवात झाली. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते 2021 मध्ये थांबलं. म्हणजे एका खडखडीवरचा उपाय जगातून जायला शंभर वर्षं लागली.

गाडीवर प्रेम असलेल्या माणसाने हे वाचायलाच हवं असं मला फार वाटतं. काहींना वाटतं की असल्या वाचनाने गाडीवरचं प्रेम कमी होईल. माझं झालं नाही. जुन्या इंजिनांत हेच शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे झडप जिथे टेकते त्या कड्यावर, पातळ थर धरून तिची झीज रोखायचं, म्हणून ते गेल्यावर कडक धातूच्या सीट बसवाव्या लागल्या. आता माझ्या गाडीचं हेड उघडलं की मी त्या सीटकडे बघते आणि बेवेपासून ग्रीनलंडपर्यंतची सगळी साखळी मला त्या कड्यात दिसते. एवढं सगळं एका कड्यात मावतं, याचं मला अजून नवल वाटतं.

आता वाचायच्या सवयींबद्दल. पुस्तक हातात आलं की मी आधी मागची शब्दसूची वाचते. पहिलं पान नाही, प्रस्तावना नाही, सूची. एखाद्या गाडीच्या इतिहासाच्या सूचीत फक्त माणसांची आणि कंपन्यांची नावं असली, आणि क्रँकशाफ्ट, सस्पेन्शन, ओतकाम, कामगारांचे संप यांतलं काहीच नसलं तर ते पुस्तक मी बहुधा घेत नाही. संप हा शब्द तर मी मुद्दाम शोधते. 1913 मध्ये फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकती जुळणी सुरू झाली आणि एक चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, जोडायला लागणारा साडेबारा तासांचा वेळ वर्षभरात साधारण दीड तासावर आला, हे सगळी पुस्तकं सांगतात. त्याच वर्षी त्या कारखान्यात कामगार टिकत नव्हते, एक जागा भरलेली ठेवायला वर्षाला सरासरी तीन-चार माणसं घ्यावी लागत होती, आणि 1914 ची पाच डॉलर रोजाची प्रसिद्ध घोषणा त्या पार्श्वभूमीवर झाली होती, हे मात्र सगळी पुस्तकं सांगत नाहीत. मला दोन्ही एकाच पानावर हवं असतं.

पेन्सिल नेहमी हाताशी असते. खुणा करते, समासात प्रश्न लिहिते, आणि आकृत्या स्वतः काढून बघते. वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल मला वाचून समजलं नव्हतं, चित्र बघूनही नाही. शेवटच्या कोऱ्या पानावर चार दातेरी चाकं स्वतः काढली, एक चाक धरून ठेवलं तर दुसरं दुप्पट वेगाने का फिरतं ते बाणांनी दाखवलं, तेव्हा समजलं. टेबलावर एक जुना पिस्टन आणि एक निकामी बॉल जॉइंट कायम असतो. पुस्तक वाचताना तो बॉल जॉइंट हातात घेऊन फिरवत राहायची मला सवयच लागलीय. पाहुण्यांना तो शोभेची वस्तू वाटतो.

पेटंटही वाचते. पेटंटची भाषा रुक्ष असते असं म्हणतात, मला ती फार आवडते, कारण तिथे माणसाला नेमकं सांगावंच लागतं की आधी काय होतं, त्यात काय खटकत होतं आणि मी काय वेगळं केलं. कार्ल बेंझ यांचं 29 जानेवारी 1886 च्या तारखेचं 37435 क्रमांकाचं पेटंट चित्रांसकट बघायला मिळतं. तीन चाकं, मागे आडवं पडलेलं फ्लायव्हील. आणि त्याच्या शेजारी ठेवून मी 1888 च्या ऑगस्टमधला बर्था बेंझ यांचा प्रवास वाचते. नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत शंभरेक किलोमीटर. इंधन म्हणून विसलोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन हे पेट्रोलसारखं द्रावण घेतलं, तुंबलेली इंधननळी टोपीच्या पिनेने साफ केली. हे प्रसंग प्रसिद्ध आहेत. मला त्यातला ब्रेकचा तपशील सगळ्यात मोलाचा वाटतो. उतारावर लाकडी ब्रेक झिजत होते, म्हणून त्यांनी वाटेत एका चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. आणि चढावर मुलांना गाडी ढकलावी लागली होती, म्हणून परतल्यावर चढासाठी आणखी एक गिअर हवा असं सुचवलं. पेटंटमध्ये यातलं काही नाही. ते रस्त्यावरच कळणार होतं, आणि ते ज्यांना कळलं त्यांनी ते सांगितलं. ब्रेक लायनिंग बदलताना मला बर्थाबाई आठवतात.

सीटबेल्टचं वाचन असंच भरकटलं होतं. तीन बिंदूंचा पट्टा 1959 मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत आणणारे निल्स बोलिन आधी साब कंपनीत विमानातल्या इजेक्शन सीटवर काम करत होते. माणसाचं शरीर एकदम वेग घेताना काय सहन करतं हे त्यांना माहीत होतं. गाडीत प्रश्न उलटा होता, एकदम थांबण्याचा. त्यांच्या पट्ट्याचं कौशल्य असं की एक पट्टा कमरेवरून, एक छातीवरून, दोन्ही सीटच्या कडेला खाली एका बिंदूशी मिळतात आणि बक्कल पोटावर न येता बाजूला राहतं. शिवाय एका हाताने लावता येतो. व्होल्वोने ते पेटंट सगळ्यांना वापरायला मोकळं ठेवलं. तिथून मी जॉन स्टॅप यांच्याकडे गेले. ते अमेरिकी हवाईदलाचे डॉक्टर. 1954 मध्ये ते रॉकेट लावलेल्या घसरगाडीत स्वतः बसले, ताशी हजार किलोमीटरच्या वर वेग गाठला आणि सेकंद-दीड सेकंदात थांबले. शरीरावर 46 जीपेक्षा, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या 46 पटींपेक्षा, जास्त भार आला, डोळ्यांत रक्त उतरलं, पण ते वाचले. विमानासाठी हे प्रयोग करता करता त्यांच्या लक्षात आलं की हवाईदलाची माणसं विमानांपेक्षा मोटार अपघातांतच जास्त मरतायत. मग त्यांनी गाड्या आदळून बघायला सुरुवात केली.

मतभेदाचा विषय असला तर मी एकाच पुस्तकावर थांबत नाही. राल्फ नेडर यांचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे 1965 चं पुस्तक त्याचं चांगलं उदाहरण. त्यातलं पहिलं प्रकरण शेव्हरोले कॉर्व्हेअरबद्दल. मागे इंजिन, मागे स्विंग ॲक्सल, म्हणजे चाकांना वरखाली झुलताना तिरकी करणारा आस, आणि गाडी आटोक्यात राहावी म्हणून पुढच्या चाकांत मागच्यापेक्षा बरीच कमी हवा ठेवायची सूचना. ही सूचना किती मालक आणि किती हवा भरणारे पाळणार होते? हा प्रश्न वाचला तेव्हा मी नेडर यांच्या बाजूने पूर्ण झुकले होते. नंतर कळलं की अमेरिकेच्या रस्तासुरक्षा खात्याने 1972 मध्ये निष्कर्ष काढला होता, की सुरुवातीच्या कॉर्व्हेअर त्या काळच्या तशाच इतर गाड्यांपेक्षा जास्त धोकादायक नव्हत्या. मग दोन्ही बाजू पुन्हा वाचल्या. माझं मत असं झालं की त्या एका गाडीबद्दल नेडर यांनी जरा जास्तच जोर लावला, पण पुस्तकातला मुख्य मुद्दा, की चालकाला दोष देऊन गाडीच्या रचनेकडे डोळेझाक केली जाते, तो बरोबरच होता. शेव्हरोलेची मालक जनरल मोटर्सने नेडर यांच्यामागे खासगी गुप्तहेर लावले आणि 1966 मध्ये तिच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा झाला.

शर्यतपटूंची आत्मचरित्रं मी निवडून वाचते. विजयांची वर्णनं लवकर पालटते. पण 1966 मध्ये बेल्जियममधल्या स्पाच्या शर्यतीत जॅकी स्ट्यूअर्ट पावसात रस्त्याबाहेर जाऊन अडकले, अंगावर पेट्रोल गळत होतं, आणि स्टिअरिंग काढायला दुसऱ्या दोन चालकांना एका प्रेक्षकाकडून पाना आणावा लागला, हे मी कितीदा वाचलंय. त्यानंतर ते स्वतःच्या स्टिअरिंगला पाना चिकटवून ठेवायचे. शर्यतीतली सुरक्षितता पुढे किती बदलली त्याचा सगळा इतिहास त्या पान्यापासून सांगता येईल.

कंपन्यांनी स्वतःच काढलेली गुळगुळीत कागदाची कौतुकग्रंथांची जात मला आवडत नाही. फोटो सुंदर असतात, पण त्यात काहीच फसत नाही, कुणाचं कुणाशी भांडण होत नाही, कुठलाही नमुना तुटत नाही. वांकेलच्या रोटरी इंजिनाबद्दल, ज्यात पिस्टनऐवजी तिकोनी भाग गोल फिरतो, वाचायचं तर मला त्याच्या आतल्या भिंतीवर उठणारे ओरखडेच वाचायचे असतात. माझदाचे अभियंते त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे, आणि ते घालवता घालवता केनिची यामामोतोंच्या तुकडीने वर्षं घालवली. 1967 ची कॉस्मो स्पोर्ट त्यातून आली आणि 1991 ची ल मांची शर्यतही रोटरीने जिंकली. ओरखडे वाचल्याशिवाय त्या जिंकण्याला काही वजनच येत नाही.

तर सध्या रबर. टायर बदलताना मनात आलं की हा काळाच का असतो. उत्तर छोटं होतं: रबरात काजळीची बारीक पूड घालतात, तिने ते झिजायला कितीतरी चिवट होतं, आधीचे टायर फिकट रंगाचे असत. पण पुस्तक तिथे थांबलं नाही. 1876 मध्ये हेन्री विकहॅम यांनी ॲमेझॉनमधून सत्तर हजारांच्या आसपास बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या. त्यांतल्या थोड्याच रुजल्या, आणि त्या रोपांची संतती श्रीलंका-मलायात वाढली. मधल्या काळात जगाला रबर हवं होतं म्हणून काँगोत बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या अमलाखाली माणसांचे जे हाल झाले, ती प्रकरणं मी थोडी थोडी करूनच वाचू शकले. सायकली आणि मोटारी यांच्या भरभराटीच्या कौतुकात ती पानं सहसा येत नाहीत. यायला हवीत.

मग फोर्डलँडिया. हेन्री फोर्ड यांनी 1928 मध्ये ब्राझीलच्या तापाजोस नदीकाठी स्वतःच्या रबरासाठी अख्खं गाव वसवलं. जंगलात रबराची झाडं एकमेकांपासून दूर दूर उगवतात. फोर्डच्या माणसांनी ती ओळीने जवळ जवळ लावली आणि पानांवरच्या करपा रोगाची बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर पसरत गेली. आशियात गेलेल्या बियांबरोबर ही बुरशी गेली नव्हती, म्हणून तिथे दाट मळे उभे राहू शकले. 1945 मध्ये कंपनीने सगळं ब्राझील सरकारला विकून टाकलं. जुळणीच्या पट्ट्यावर जी रीत चालली ती झाडांवर चालली नाही. फोर्ड स्वतः तिथे कधी गेलेच नाहीत. आता मी त्या बुरशीवरचं एक वनस्पतिशास्त्राचं पुस्तक आणलंय. पहिली दोन प्रकरणं अवघड आहेत, पण सूचीत ‘टायर’ हा शब्द आहे, त्यामुळे मी नेटाने पुढे जातेय.

यानंतर बेअरिंग. स्वेन विंगक्विस्ट यांचं 1907 चं स्वतःहून सरळ होणारं बॉल बेअरिंग आणि 1943 मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या बेअरिंग कारखान्यांवर झालेले बाँबहल्ले, एवढी दोन टोकं माझ्या हातात आहेत. मधलं सगळं वाचायचंय. गोळ्या इतक्या गोल कशा घासतात, पोलाद कुठलं लागतं, हे मन लावून लिहिलेलं पुस्तक तुमच्या पाहण्यात असेल तर मला जरूर सांगा. सूची असलेलं असेल तर फारच उत्तम.